न झालेला हल्ला

क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल खेळातलं क्लॅन वॉर, म्हणजे खेळाडूंच्या दोन गटांची, दोन क्लॅनची लढाई, पंधरा विरुद्ध पंधरा. प्रत्येकाला दोन अटॅक, म्हणजे एका बाजूचे ३०. समोर १५ बेस, म्हणजे एकेका खेळाडूचं गाव, प्रत्येकाचे जास्तीत जास्त ३ स्टार, म्हणजे एकूण ४५. वॉर संपतं आणि आकडे येतात: आपले ३८, त्यांचे ३९. मग चॅटमध्ये चिरफाड सुरू होते. सातव्या नंबरनं क्वीन चुकीच्या बाजूनं सोडली, अकराव्याचा रेज स्पेल उशिरा पडला, कुणाचे वॉलब्रेकर भिंतीपर्यंत पोचलेच नाहीत. त्याच तक्त्यात वापरलेल्या अटॅकचा आकडाही असतो, ३० पैकी २६. त्यावर कुणी बोलत नाही. उरलेल्या चारांतून एक नवा स्टार आला असता तर बरोबरी होऊन निकाल टक्क्यांवर गेला असता. दोन आले असते तर वॉर जिंकलंच होतं. फसलेल्या अटॅकचा रिप्ले बघता येतो, म्हणून त्यावर तासभर बोलता येतं. न झालेल्या अटॅकचा रिप्ले नसतो.

क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये लीडरचा बहुतेक वेळ खर्च होतो तो नसलेल्या माणसांपायी. हजर असलेले आपापलं बघून घेतात. माझं मत असं, की मधल्या फळीतले क्लॅन मोडतात ते गैरहजेरी मोजायला संकोच वाटतो म्हणून. खेळ कच्चा असणं हे त्या मानानं किरकोळ दुखणं आहे, चार महिन्यांत बरं होतं. एकदा हे पटलं की भरती कशी करायची, एल्डर (साध्या मेंबरच्या वरचं पद) कुणाला करायचं, कुणाला कधी काढायचं, या सगळ्याची उत्तरं वेगळी येतात.

हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीचा हा खेळ ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोन-आयपॅडवर आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर, आणि मग आपल्याकडच्या हॉस्टेलांत, लोकलच्या डब्यांत, दुकानांच्या गल्ल्यांवर पसरला. क्लॅन वॉर आलं एप्रिल २०१४ मध्ये. तोवर क्लॅन म्हणजे ट्रूप्स, म्हणजे सैनिक, मागायची आणि द्यायची (यालाच डोनेशन म्हणतात) जागा होती. वॉर आल्यावर एकाच्या आळसाचा भुर्दंड बाकीच्यांवर पडायला लागला आणि लीडर या पदाला खरं काम मिळालं.

क्लॅनमध्ये जागा ५०. नवा लीडर त्या भरायला निघतो आणि तिथूनच बिघाडाला सुरुवात होते. गणेश मंडळाच्या कार्यकारिणीत पन्नास नावं छापलेली असतात आणि विसर्जनाच्या रात्री मूर्तीला हात लावायला आठ जण, तसा हा प्रकार. १५ चं वॉर आठवड्याला एक असं नियमानं खेळायचं, तर वॉरला खरोखर तयार असणारी २२ ते २५ माणसं पुरतात. सात-आठ जणांची ये-जा धरूनच चालावं लागतं. २८ जणांचा क्लॅन, त्यात २५ जिवंत, हा ५० पैकी २० जिवंत असलेल्या क्लॅनपेक्षा केव्हाही बरा. कारण आत यायला बघणारा शहाणा खेळाडू आधी सदस्यांची यादी चाळतो. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे या सीझनमध्ये दिलेलं आणि घेतलेलं डोनेशन दिसतं. सीझन अर्ध्यावर आलेला आणि निम्म्या नावांपुढे शून्य, असं दिसलं की तो न बोलता पुढच्या क्लॅनकडे वळतो. म्हणजे मेलेली नावं नुसती जागा अडवत नाहीत, चांगली माणसं दारातूनच परत पाठवतात.

पूर्वी भरती ग्लोबल चॅटवर चालायची. तिथे दिवसभर ओरडलं की पाच-सहा जण यायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुपरसेलनं तो चॅट बंद केला. आता खेळातूनच खेळाडू शोधून आमंत्रण धाडता येतं, किंवा रेडिट, डिस्कॉर्ड, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. मार्ग कुठलाही असो, क्लॅनचं दार 'कुणीही या' असं उघडं ठेवू नये. उघड्या क्लॅनमध्ये रात्री दोनला कुणीतरी येतो, ट्रूप्सची रिक्वेस्ट टाकतो, क्लॅन कॅसल (मिळालेले ट्रूप्स ठेवायची इमारत) भरून घेतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. सकाळी चॅटमध्ये फक्त आल्याची आणि गेल्याची ओळ दिसते. विनंती करूनच प्रवेश, ही सेटिंग ठेवावी. ट्रॉफीची अट कमी ठेवली तरी चालेल, टाउन हॉलची, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीच्या लेव्हलची, मात्र घालावी. नाहीतर वॉरच्या यादीत टाउन हॉल १६ च्या खाली एकदम ९ येतो आणि मधल्या बेसवर जायला माणूसच उरत नाही.

क्लॅनच्या वर्णनात बहुतेक जण सिंह, तलवार, मावळे आणि 'फक्त अ‍ॅक्टिव्ह प्लेअर' लिहितात. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय, हे मात्र कुणी लिहीत नाही. त्यापेक्षा सरळ लिहावं: 'वॉर शुक्रवारी रात्री लागतं, १५ विरुद्ध १५. वॉरमध्ये असाल तर दोन्ही अटॅक करायचेच. जमणार नसेल तर प्रोफाइलवर लाल (वॉर नको) करून ठेवा, कुणी काही म्हणणार नाही. टाउन हॉल १२ च्या पुढे.' एवढं वाचून निम्मे येत नाहीत. जे येत नाहीत त्यांच्यामागे पुढे लागणारा वेळ वाचला, इतकाच याचा अर्थ.

विनंती आली की प्रोफाइल उघडावं. लोक आधी ट्रॉफी आणि टाउन हॉल बघतात. त्यापेक्षा उपयोगाचे आकडे खाली अचीव्हमेंटमध्ये असतात. वॉर स्टार किती ते बघा. नियमित खेळणाऱ्याला एका वॉरमध्ये चारेक स्टार मिळतात असं धरलं, तर ६० स्टार म्हणजे सुमारे १५ वॉर. टाउन हॉल १३ वर पोचलेल्या खेळाडूकडे एवढेच असतील, तर तो वॉर टाळत वर आला आहे किंवा बेस 'रश' करून आला आहे, म्हणजे तोफा-भिंती मागे ठेवून नुसता टाउन हॉल वाढवत. हिरोंच्या, म्हणजे क्वीनसारख्या खास लढवय्यांच्या, लेव्हल बघितल्या की दोन्हींपैकी काय ते कळतं. 'फ्रेंड इन नीड'मध्ये आयुष्यभराचं डोनेशन असतं. 'गेम्स चॅम्पियन'मध्ये क्लॅन गेम्सचे एकूण गुण. क्लॅन गेम्स महिन्यातून एकदा होतात, एरवी एका वेळी एकाला जास्तीत जास्त ४,००० गुण मिळवता येतात, म्हणजे वर्षभर नेटानं खेळणाऱ्याचे ४८,००० च्या आसपास. चार वर्षं जुन्या खात्यावर ९,००० दिसले तर हा माणूस सामूहिक कामाला फिरकत नाही हे उघड आहे. मग अटॅक कितीही देखणा असो.

खेळाडूच्या टॅगवरून त्याचे मागचे क्लॅन दाखवणारी 'क्लॅश ऑफ स्टॅट्स'सारखी साइट आहे. तिथे सहा महिन्यांत चौदा क्लॅन दिसले की हॉपर समजायला हरकत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. काही जण दर महिन्याच्या वॉर लीगसाठी एका क्लॅनमध्ये आणि एरवी दुसऱ्यात खेळतात, त्यांची यादीही लांबलचक दिसते. तेच दोन-तीन क्लॅन पुन्हा पुन्हा आले असतील तर तो माणूस भटका नसून दोन घरं सांभाळणारा आहे, आणि असा माणूस बहुधा वेळेचा पक्का असतो.

मग दोन-चार प्रश्न. 'कुठली आर्मी खेळता?' हा सगळ्यांचा आवडता प्रश्न, आणि सगळ्यांत निरुपयोगी. आर्मी शिकवता येते. विचारायचं ते असं: रविवारी दुपारी फोन हातात असतो का? शिफ्टची नोकरी आहे का? आधीचा क्लॅन का सोडला? शेवटच्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर येतं, 'तिकडे सगळे इनअ‍ॅक्टिव्ह होते.' त्यावर लगेच विचारावं, 'शेवटच्या वॉरमध्ये तुमचे दोन्ही अटॅक झाले होते का?' खरं बोलणारा पटकन उत्तर देतो. बाकीचे टायपिंग करत राहतात.

आत घेतल्यावर लगेच वॉरमध्ये टाकू नये. चॅटमधून फ्रेंडली चॅलेंज टाकता येतं; त्यात नुकसान काही नाही आणि अटॅक सगळ्यांना बघता येतो. त्यात तो किती स्टार आणतो याला महत्त्व कमी. 'आज रात्री नऊला एक चॅलेंज टाकतो, कराल का?' असं विचारल्यावर तो नऊला येतो का, हे बघायचं.

एक धोका खास आपल्याकडचा. एकाला घेतलं की तो मित्र आणतो, मित्र त्याचा रूममेट, आणि आठवड्यात एकाच कॉलेजातले सात जण होतात. चॅट जिवंत होतो, डोनेशन वाढतं, लीडर खूश. मग सेमिस्टरची परीक्षा लागते आणि सातही जण एका दिवशी लाल होतात. त्याहून वाईट म्हणजे त्यातल्या एकाला रागावलं की सात जण निघून जातात. वॉरला उतरणाऱ्यांत एका गटाचे चारपेक्षा जास्त असू नयेत, असा अंदाज ठेवावा. दोन अर्धे क्लॅन एकत्र करतानाही हेच होतं. समोरचा लीडर आपल्याकडे को-लीडर होतो, त्याची अठरा माणसं अजून त्यालाच लीडर म्हणतात, आणि पहिलं हरलेलं वॉर त्यांना परतीचं कारण पुरवतं. विलीनीकरण करायचंच तर आधी एक वॉर लीग एकत्र खेळून बघावी आणि मगच दुसरा क्लॅन बंद करावा.

आता घड्याळाकडे येऊ. याकडे लीडर मंडळी आश्चर्य वाटावं इतकं दुर्लक्ष करतात. वॉर लागलं की २३ तास तयारीचे आणि २४ तास लढाईचे, मिळून ४७. शुक्रवारी रात्री साडेनऊला वॉर लावलं, तर लढाई शनिवारी रात्री साडेआठला सुरू होते आणि रविवारी रात्री साडेआठला संपते. म्हणजे शनिवारची रात्र आणि रविवारची आळसावलेली दुपार दोन्ही हाती लागतात. दुबई-मस्कतवाला आपल्या दीड तास मागे, त्याचंही जमतं. न्यू जर्सीत उन्हाळ्यात हेच वॉर शनिवारी सकाळी अकराला सुरू होऊन रविवारी अकराला संपतं, त्याला अख्खा शनिवार मिळतो. तेच वॉर एखाद्या उत्साही को-लीडरनं मंगळवारी सकाळी अकराला लावलं, तर ते गुरुवारी सकाळी दहाला संपणार. शेवटचे दोन तास लोकलमध्ये, नेटवर्क येत-जात असताना, ऑफिसच्या वाटेवर. चार अटॅक तिथेच गळतात. नंतर त्या चौघांना बोलणी खावी लागतात; वॉर लावणाऱ्याला कुणी विचारत नाही.

वर्षाचं वेळापत्रकही असंच डोक्यात हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी. मे महिन्यात लग्नं. गणपतीत निम्मा क्लॅन कोकणात, आणि तिथे वाडीत नेटवर्क मिळवायला टेकडी चढावी लागते. त्या दहा दिवसांत १५ ऐवजी १० चं, किंवा थेट ५ चं वॉर लावावं. सुट्टी जाहीर केली तर आणखी उत्तम. न जाहीर केलेल्या सुट्टीत माणसं अपराधी वाटून घेतात, आणि अपराधी वाटणारा माणूस परत यायचं टाळतो.

प्रत्येकाच्या प्रोफाइलवर वॉरसाठी हिरवं किंवा लाल ठेवायची सोय आहे. लाल ठेवणाऱ्याचा राग धरणारा लीडर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. 'हिरो अपग्रेडला आहेत' हे वर्षानुवर्षं ऐकू आलेलं कारण. ते खरं असेल, खोटं असेल; माणसानं आधी सांगितलं, एवढं पुरे. लाल माणूस वॉर हरवत नाही. हिरवा राहून न येणारा हरवतो. कारण तयारी सुरू झाली की यादी बदलता येत नाही, आणि त्याच्या जागी दुसऱ्याला घालता येत नाही. त्याचा बेस नकाशावर उभा राहतो, शत्रू त्याचे तीन स्टार उचलतो, आणि आपल्याकडून त्याचे दोन अटॅक वजा. म्हणूनच वॉर चालू असताना रागाच्या भरात कुणाला किक करू नये. निकाल लागेपर्यंत थांबावं.

तयारीच्या २३ तासांत सगळ्यांचे वॉर कॅसल भरून हवेत. हे काम 'सगळ्यांचं' म्हटलं की कुणाचंच राहत नाही. दोन नावं ठरवून द्यावीत आणि काय भरायचं ते चॅटमध्ये पिन करावं, नाहीतर कुणीतरी हाताशी आहेत म्हणून आर्चर भरून मोकळा होतो. लढाईच्या दिवसाचे नियम तीनच पुरतात. पहिला अटॅक पहिल्या बारा तासांत, आपल्याच नंबरच्या समोरच्यावर किंवा एक-दोन नंबर खाली. दुसरा अटॅक राहिलेले स्टार वेचायला. शेवटच्या दोन तासांत कुठे जायचं ते को-लीडर सांगेल. यापेक्षा नियम घट्ट केले की वेगळीच गंमत होते. पाचवा नंबर चौथ्याची वाट बघतो, चौथा तिसऱ्याची, आणि तिसरा लग्नाला गेलेला असतो.

नोंदीसाठी एक साधी गूगल शीट ठेवावी. नाव, वॉरची तारीख, किती अटॅक केले, आणि शेरा. स्टारचा रकाना पहिले दोन महिने ठेवूच नये. तो ठेवला की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं आणि कच्चा खेळाडू अटॅक करायलाच घाबरतो. एक स्टार आणणाऱ्याला हसणाऱ्या क्लॅनमध्ये पुढच्या वॉरला दोन अटॅक कमी पडतात. नियम कोरडा ठेवावा. न सांगता दोन्ही अटॅक राहिले, तर पुढची दोन वॉर बाहेर. पुन्हा तसंच झालं, तर क्लॅनबाहेर. एक अटॅक राहिला तर विचारपूस, तीही जाहीर चॅटमध्ये न करता. कारणं बहुतेक खरी असतात: लाइट गेली, दिवसाचा डेटा संपला, फोन धाकट्या भावाकडे होता, रात्रपाळी लागली. लीडरनं कारणाची सत्यता तपासत बसू नये. कळवलं की नाही, एवढंच शीटमध्ये जातं.

शीट नीट ठेवली की एक क्रम दिसायला लागतो. जाणारा माणूस अचानक जात नाही. आधी त्याचं डोनेशन थांबतं. मग तो रिक्वेस्ट टाकणंही सोडतो. मग एक अटॅक राहतो, मग दोन्ही, मग लाल. एके दिवशी यादीतून नाव गेलेलं असतं. पहिल्या दोन पायऱ्यांवर 'काय चाललंय, बरे आहात ना?' असं विचारलं तर बरेच जण थांबतात, निदान सांगून जातात. चौथ्या पायरीवर विचारून उपयोग नसतो.

किक करणं हा खरा अवघड भाग, आणि आपल्या माणसांत तो जास्तच अवघड. क्लॅनमध्ये लीडर अठरा वर्षांचा असू शकतो आणि ज्याला काढायचं तो पंचेचाळीस वर्षांचा शिक्षक किंवा एसटीचा कंडक्टर. वय खेळात दिसत नाही. म्हणून अनोळखी माणसाशी 'तुम्ही'नं सुरुवात करावी. तो स्वतःहून 'भावा' म्हणाला की मग मोकळं व्हावं. किक करताना छोटा संदेश लिहिता येतो. ती जागा रिकामी सोडू नये आणि तिथे शिवीही लिहू नये. 'दादा, दोन वॉर अटॅक झाले नाहीत. वेळ मिळेल तेव्हा परत विनंती टाका, घेऊ.' एवढं लिहिलेली बरीच माणसं दोन-तीन महिन्यांनी परत येतात. संकोचापोटी न काढलेल्या माणसाचं काय होतं, तेही सांगायला हवं. तो तसाच राहतो, आणि त्याच्याकडे बघून नियमानं अटॅक करणारे दोघं कंटाळून दुसरीकडे जातात. गैरहजर राहिला, नियमित गेले. हा सौदा वर्षभर चालू ठेवणारे सज्जन लीडर पुष्कळ आहेत.

पदांकडे वळू. मेंबर, एल्डर, को-लीडर, लीडर, एवढीच उतरंड. एल्डर नवी माणसं आत घेऊ शकतो आणि साध्या मेंबरला काढू शकतो. '१,००० डोनेट करा, एल्डर मिळवा' ही पाटी जवळजवळ प्रत्येक क्लॅनवर दिसते, आणि तिचं फळही प्रत्येक क्लॅन भोगतो. आकडा वाढवायच्या नादात ज्यानं ड्रॅगन मागितला त्याच्या कॅसलमध्ये आर्चर येऊन पडतात. एल्डर करायचं ते नवख्याच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याला. असे एका क्लॅनमध्ये पाच-सहाच निघतात.

को-लीडर हा वेगळाच विषय. तो वॉर लावू शकतो, क्लॅनचं वर्णन आणि सेटिंग बदलू शकतो, एल्डर-मेंबर दोघांना काढू शकतो. म्हणजे बिनसलं तर एका रात्रीत क्लॅन रिकामा करू शकतो, आणि हे नियमात बसतं. या प्रकाराचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण दुसऱ्या खेळातलं आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या 'ईव्ह ऑनलाइन' या अवकाशातल्या खेळात 'बँड ऑफ ब्रदर्स' ही अतिशय बलाढ्य युती होती. फेब्रुवारी २००९ मध्ये तिच्याच एका संचालकानं शत्रूच्या 'गूनस्वॉर्म'शी हातमिळवणी केली आणि आपल्या अधिकारात असलेलं बटण दाबून युती विसर्जित केली. हॅकिंग नाही. वर शत्रूनं त्यांचं नावही नोंदवून टाकलं, त्यामुळे त्याच नावानं पुन्हा उभं राहणं बंद झालं. वर्षानुवर्षं लढून न पडलेली गोष्ट एका माणसाला दिलेल्या अधिकारानं पडली.

आपल्याकडे नव्या मेंबरचा दुसऱ्या दिवशीचा मेसेज ठरलेला: 'को दे ना भाई.' मागणाऱ्याला को-लीडर कधीही करू नये, हा नियम अन्यायाचा वाटला तरी पाळावा. तीन महिने शीटमध्ये स्वच्छ असलेला आणि पद न मागितलेला माणूस बघावा. को-लीडर तीन ते पाच पुरेत, आणि त्यांची कामं वाटून द्यावीत: एकाकडे वॉर लावणं, एकाकडे भरती, एकाकडे कॅसल भरणं. कामाशिवाय दिलेलं पद लवकरच कुणालातरी किक करून स्वतःची ओळख पटवतं. आणि को-लीडर खेळ सोडतोय असं कळलं, तर त्याच दिवशी, त्याला सांगून, पद खाली आणावं. सुपरसेलच्या अटींत खातं विकायला मनाई आहे, तरी खाती विकली जातात. मग आपल्या क्लॅनच्या किल्ल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाच्या हाती पडतात.

वॉर लीगचा बोनस हे भांडणाचं महिन्याचं निमित्त. ऑक्टोबर २०१८ पासून सुरू झालेल्या या लीगमध्ये आठ क्लॅन, सात वॉर, आणि प्रत्येक वॉरमध्ये प्रत्येकाला एकच अटॅक. नाव नोंदवायला महिन्याच्या सुरुवातीला जेमतेम दोन दिवस मिळतात. लीडर गावाला गेला आणि को-लीडरला वाटलं लीडर करेल, असं करून अख्खा महिना हुकलेले क्लॅन कमी नाहीत. पदकं पूर्ण मिळायला एका खेळाडूला सात वॉरमध्ये मिळून ८ स्टार लागतात. इथे साधा हिशोब कामी येतो. १५ च्या लीगमध्ये १५ गुणिले ७, म्हणजे १०५ अटॅक. २० जणांना फिरवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पाचेक अटॅक, सरासरी दोन स्टार धरले तर दहा स्टार. सगळ्यांना पूर्ण पदकं. सगळ्यांना खूश करायला ३० जणांना घेतलं, तर वाट्याला साडेतीन अटॅक आणि सातच स्टार. मग कुणालाच पूर्ण मिळत नाहीत आणि तीसच्या तीस नाराज. १८ ते २० वर थांबावं, आणि चौथ्या-पाचव्या वॉरनंतर ज्याचे ८ झाले त्याला बसवून मागे राहिलेल्याला खेळवावं.

बोनस पदकं मोजक्याच जणांना देता येतात आणि ती लीडरच्या हातात असतात. १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये लोकांनी याच भांडणावर उपाय म्हणून ड्रॅगन मारण्याच्या हजेरीचे गुण मोजायला सुरुवात केली होती, त्यालाही आता पंचवीस वर्षं उलटली. सर्वाधिक स्टारवाल्याला बोनस दिला, तर दर महिन्याला तेच चार जण घेऊन जातात. पाळीपाळीनं दिला, तर मेहनत करणारा हिरमुसतो. मला पटणारी पद्धत अशी: त्या महिन्यात जितक्या वॉरला निवडलं तितके सगळे अटॅक ज्यांनी केले, त्यांचीच नावं पात्र, त्यांच्यात ज्याला मागचा बोनस मिळून सर्वांत जास्त काळ झाला, तो पहिला. आणि ही यादी लीग सुरू व्हायच्या आधी चॅटमध्ये टाकावी. नंतर टाकली की तीच यादी वशिल्याची दिसते.

क्लॅन गेम्स आणि क्लॅन कॅपिटल (क्लॅनचं सामायिक गाव) यांना फार व्यवस्थापन लागत नाही. गेम्सची वरची पायरी ५०,००० गुणांची असते. प्रत्येकी ४,००० करणारे १३ जण मिळाले की काम झालं. कॅपिटलची रेड आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होऊन सोमवारी साडेबाराला संपते. प्रत्येकाला पाच अटॅक, आणि एक बोनसचा. वॉरचा ताण नको असलेल्या माणसाला इथे मानानं सामावून घेता येतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असावा, पण सक्तीचा नसावा. तो काढला की आठवड्यात सुप्रभातचे फोटो आणि महिन्यात राजकारण येतं. शिवाय प्रत्येकाचा नंबर अनोळखी माणसांसमोर उघडा पडतो, आणि या खेळात तेरा वर्षांपासूनची मुलं असतात. कुणा मुलाचा किंवा मुलीचा नंबर मागण्याची लीडरला काहीच गरज नाही. डिस्कॉर्डवर नंबर लागत नाही आणि वॉरची आठवण करून देणारे बॉटही मिळतात. ग्रुप ठेवलाच तर दोन असावेत: एक गप्पांचा, एक फक्त वॉरच्या सूचनांचा, जिथे अ‍ॅडमिनशिवाय कुणी लिहू शकत नाही.

लीडर थकतो, हेही धरून चालावं. दीड-दोन वर्षांनी बहुतेकांना शुक्रवारी रात्री साडेनऊ वाजले की नकोसं होतं. थकलेला लीडर स्वतःच एक अटॅक चुकवतो, आणि त्याला शीटमध्ये लाल खूण करायला कुणी धजत नाही. नियम तिथेच सैल होतात. हस्तांतर त्याआधी करावं. खेळात ते सोपं आहे: को-लीडरला लीडर केलं की आपण आपोआप को-लीडर होतो. मुहूर्त वॉर लीग संपून बोनस वाटून झाल्यानंतरचा. शीट कुणाच्या गूगल खात्यावर आहे, ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण, लीगची नोंदणी कोण करणार, कोणता जुना मेंबर किती तारखेपर्यंत सुट्टीवर आहे, हे सगळं त्याच आठवड्यात सोपवावं. अडचण एकच उरते. जुना लीडर को-लीडर म्हणून चॅटमध्ये बसून राहतो, वॉर लागलं की सवयीनं हुकूम सोडतो, आणि माणसं नव्याला सोडून त्याचं ऐकतात. त्यानं स्वतःहून सांगून दोन महिने एल्डर होऊन राहावं. नव्या लीडरला हे सुचवायला लावू नये, त्याच्या तोंडून ते निघणार नाही.